साखरेच्या ताटलीवर

मी डोळ्यांना दिसणार नाही, तेव्हा आवाजावरूनच ओळखा. मी डीएनएचा एक गोल धागा बोलतोय. शास्त्रज्ञ मला प्लास्मिड म्हणतात.

दूरच्या एका प्रयोगशाळेत मला घडवलं आणि कागदाच्या तुकड्यावर थेंबभर वाळवून, पाकिटातून बालाघाटच्या कॉलेजात संशोधन करणाऱ्या श्रुतिकाकडे धाडलं. साल १९९८. वारासिवनीकडे भाताची पानं कडेनं करपत होती. हा करपा जिवाणूच्या एका जनुकामुळे येतो, असं तिचं म्हणणं. तो जनुक काढून तिला ते सिद्ध करायचं होतं. पण हा जिवाणू मोठा खट. परका डीएनए दिसला की त्याचे तुकडे करतो. मार्चपर्यंत जमलं नाही, तर तिचे मार्गदर्शक गुणाकर सर तिचा विषयच बंद करणार होते.

माझं काम चमत्कारिक. जिवाणूत शिरायचं, त्या जनुकाशेजारी ठाण मांडायचं आणि निघताना त्याला घेऊन निघायचं. मला न सोडणारा जिवाणू साखरेवर मरतो, अशी सोय माझ्यातच केलेली आहे.

मोठ्या मिनतवारीनं मी आत शिरलो. श्रुतिकानं ते जिवाणू साखरेच्या ताटल्यांवर पसरले. बहुतेक मरायला हवे होते, पण झाडून सगळे वाढले. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"हे हत्यारच बोगस हाय," सर म्हणाले. "काहून वेळ घालवून राह्यली तू?"

मला ते फार लागलं. पोरीचेही डोळे भरून आले.

पुढच्या खेपेला साखरेच्या बरणीत चमचा घालताना ती थबकली. आत दाणे नव्हते, मऊ भुकटी होती. तिनं शिपाई टिकारामला हाक मारली.

"काका, हे काय हाय?"

"ग्लुकोज. तपासणीवाले साहेब आलते ना, तवा चहाची साखर सरलती. तुमची घेतली अन् हे भरून ठेवलं. तेबी गोडच हाय ना, बेटा?"

माझी सोय चालते ती फक्त चहाच्या साखरेवर; ग्लुकोजवर जिवाणू मजेत वाढतात. तिनं बरणी तिथंच उपडी केली.

मग खरी साखर आली. मला धरून बसलेले जिवाणू पटापट मेले. हाकलणारे वाचले, आणि त्यांतल्या एकानं माझ्याबरोबर तो जनुकही देऊन टाकला. तो जिवाणू पाण्यात कालवून, त्यात कात्री बुडवून श्रुतिकानं कुंडीतल्या भाताचे शेंडे कापले. पंधरवडा गेला.

"सर, पान हिरवंच हाय!" ती ओरडली.

"हौ," सर हळूच म्हणाले.

तिचा विषय वाचला. माझ्या काही प्रती इथं शीतपेटीत आहेत, म्हणून तर बोलतोय. आनंद मलाही झाला. पण ज्यांनी ज्यांनी मला घरात ठेवलं, ते सगळे मेले, हे मनातून जात नाही. पुन्हा कधी मला बाहेर काढलंत, तर ज्याच्या दारी न्याल, त्याला आधीच सांगा: याला ठेवून घेऊ नकोस.