बाहेर बसलेल्या बाई

समोर बसलेल्या माणसाला बोलतं करावं ते प्रेमिला रंगारीनेच, असं केंद्रातले सगळे म्हणत. गांधीबागेतल्या कापडबाजारामागे, एका ट्रस्टच्या जुन्या दुमजली इमारतीत ते मानसोपचार केंद्र होतं, आणि नवा पेशंट डॉ. पिंपळापुऱ्यांकडे जाण्याआधी तिच्यासमोर येऊन बसायचा. ती घाई करत नसे. झोप लागते का, जेवण जातं का, आपल्याला कुणी हाक मारतंय असं वाटतं का, हे ती अशा सुरात विचारायची की महिनोन् महिने गप्प असलेली माणसंही अधूनमधून एखादा शब्द बोलून जात. संध्याकाळी मात्र ती जरीपटक्याला, ताराचंद नावाच्या सिंधी घरमालकाच्या माडीवरच्या आपल्या खोलीत परतली, की दुसऱ्या दिवशी केंद्राचा जिना चढेपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघायचं कारण उरत नसे. आई गेल्यापासून हे असंच चाललं होतं.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात केंद्रात कॉम्प्युटर आला. माणूस माणसासमोर लाजतो, यंत्रासमोर लाजत नाही, असं डॉक्टरांनी परदेशी मासिकांत वाचलं होतं. इंजिनियर ओमप्रकाशने आतली छोटी खोली त्यासाठी तयार केली. खिडकीला काळा पडदा लावला, कूलर बसवला, चपला दाराबाहेर काढायची ताकीद दिली. प्रश्न प्रेमिलाचेच होते. तिने लिहून दिले आणि ओमप्रकाशने ते आत भरले. पेशंटने एकट्याने बसायचं, कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत प्रश्न उमटला की 'हो' किंवा 'नाही' लिहिलेली कळ दाबायची. प्रेमिलाची खुर्ची आता बाहेरच्या हॉलमध्ये आली. आत गेलेला पेशंट परत येईपर्यंत ती बंद दाराकडे आणि दाराशी काढलेल्या चपलांकडे बघत बसे.

पहिले काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग नरखेडहून धोंडबा आला.

धोंडबा संत्र्याच्या बागेत राबणारा, पन्नाशीचा माणूस. धाकटा भाऊ विहिरीत पडून वारला तेव्हापासून त्याने बोलणं सोडलं होतं. बायको मनकर्णा त्याला एसटीने घेऊन यायची आणि त्याच्या वाटचंही तीच बोलायची. मराठी चौथीपर्यंत शिकलेला होता, म्हणून त्याला आत बसवलं. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला, चपला न घालताच सरळ प्रेमिलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुमी घरी गेल्यावर रेडू लावता अन् आवाज बारीक करून ठेवता. काहून?"

मनकर्णा नवऱ्याचा आवाज ऐकून रडायलाच लागली. त्या गडबडीत तो काय बोलला इकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. प्रेमिला मात्र खुर्चीचा हात घट्ट धरून बसून राहिली. आई गेल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिला ती सवय लागली होती. शब्द कळणार नाहीत इतका बारीक रेडिओ ठेवला, की आतल्या बाजूला कुणीतरी आपल्याच घरातलं माणूस बोलत असल्यासारखं वाटे. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

"धोंडबा, तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"त्यानं इचारलं ना आत," धोंडबा म्हणाला. "तुमचंच इचारते ते."

तिने ओमप्रकाशला बोलावून घेतलं. त्याने तिच्यादेखत सगळे प्रश्न एकामागून एक पडद्यावर आणून दाखवले. ते तिचेच होते, तिच्याच शब्दांत.

"मॅडम, आपण जे टाकू तेच याच्यातून निघते," तो म्हणाला. "जादा एक अक्षर नाही निघत. पेशंट लोकांचं काय मनावर घेता तुम्ही?"

पण पुढच्या आठवड्यात सुभद्रा आली. सुभद्रा प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. वर्गात शिकवता शिकवता भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, म्हणून तिला आणलं होतं. ती आतून आली, पदर सारखा केला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, आज तरी काही शिजवा. रोज चहा-पावावर किती दिवस काढणार?" त्यानंतर जो आत जाई तो येताना तिच्यासाठी काही ना काही घेऊन येई. कुणी विचारी, आईचं नऊवारी लुगडं अजून दोरीवरच आहे का. कुणी म्हणे, घरी जाताना देवळाच्या वळणावर बस रिकामी होते अन् तुम्ही एकट्याच उरता, तेव्हा मन घट्ट करत जा. एका म्हाताऱ्याने तर नुसता तिच्या हातावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

प्रेमिलाने डॉक्टरांना सांगून पाहिलं. ते चष्मा पुसत समजुतीने हसले. "बाई, पेशंटला समोरच्या माणसाबद्दल कुतूहल असतंच. आणि बघा ना, धोंडबा बोलायला लागला, सुभद्रा पुन्हा शाळेत जाते. आणखी काय हवं? तुम्ही थकला आहात. चार दिवस रजा घ्या."

तिने रजा घेतली नाही. खरं सांगायचं तर भीती हळूहळू ओसरत गेली, आणि तिच्या जागी आलं ते तिला स्वतःशीही कबूल करवत नव्हतं. ती वाट बघू लागली होती. कुणी जेवणाचं विचारेल म्हणून ती सकाळी उठून भात टाकू लागली. कुणी साडीचं विचारेल म्हणून तिने एका रविवारी आईचं नऊवारी दोरीवरून काढलं, घडी करून ट्रंकेत ठेवलं, आणि सोमवारी आतून आलेल्या पहिल्याच बाईने "बरं केलं" म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत तिने किती माणसांना 'कसं वाटतंय' म्हणून विचारलं असेल. उलटून तिला कुणी विचारलं नव्हतं.

मग आषाढात एके दिवशी ते थांबलं.

सकाळपासून जो पेशंट बाहेर आला तो काही न बोलता भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसला. तिच्या नजरेला नजर देईना. ती ही नजर ओळखत होती. डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावून आजाराचं काही सांगितल्यावर नातेवाईक पेशंटकडे असंच बघतात, आणि बघतही नाहीत. कुणी घरीही जाईना. धोंडबा आणि मनकर्णा त्या दिवशी बोलावलेलं नसताना आले होते. जेवणाची सुट्टी झाली तरी बाक भरलेलेच होते, आणि कुणीही डबा उघडला नव्हता.

शेवटी सुभद्रा उठून जवळ आली. तिने प्रेमिलाच्या कपाळावरची बट मागे सारली, लहान मुलीची सारतात तशी.

"एकदा तुम्ही पण बसा ना आत," ती म्हणाली. "काही त्रास होत नाही."

प्रेमिलाने दाराशी चपला काढल्या आणि आत जाऊन बसली. आत गारवा होता, कूलरमधल्या वाळ्याचा वास होता. पडद्यावर पहिला प्रश्न उमटला: झोप लागते का? तिने 'नाही' दाबलं. जेवण जातं का? आपल्याला कुणी हाक मारतंय असं वाटतं का? ती वाट बघत होती की आता तिचा प्रश्न येईल, रेडिओचा, आईचा. पण एकही नवा प्रश्न आला नाही. तेच होते, तिनेच लिहिलेले, शेकडो माणसांना विचारलेले. फक्त या वेळी ती उत्तरं देत होती, आणि एकही खोटं देता येत नव्हतं. मध्येच केव्हातरी तिच्या लक्षात आलं की आपण रडतो आहोत, आणि बरंही वाटतं आहे.

प्रश्न संपले. पडद्यावर ओळ आली: 'आता बाहेर बसलेल्या बाईंशी बोला.'

ही ओळही तिचीच होती. ती उठली आणि तिने दार उघडलं.

तिच्या खुर्चीत सुभद्रा बसली होती. बाकांवरची सगळी माणसं एकदम उठून उभी राहिली, आपलं माणूस बाहेर आल्यावर उठतात तशी. मनकर्णाने प्रेमिलाची पर्स छातीशी धरली होती, कुणीतरी तिच्या चपला पायांपुढे सरळ करून ठेवल्या. केबिनच्या दारात डॉ. पिंपळापुरे उभे होते. त्यांनी प्रेमिलाकडे पाहिलं नाही. घरच्यांशी बोलताना त्यांचा जो मऊ आवाज निघे, त्या आवाजात त्यांनी त्या सगळ्यांना विचारलं, "केव्हापासून असं आहे?"

सगळ्यांनी धोंडबाकडे पाहिलं. धोंडबाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"पयल्यापासून सांगतो, साहेब. छप्पन साली हिची माय हिले कडेवर घेऊन दीक्षेले गेली होती. गर्दीत हिच्या पायातला एक वाळा पडला. माय संध्याकाळपर्यंत धुंडत होती, पण भेटला नाही."

डॉक्टर मान हलवत होते. धोंडबा सावकाश, काहीही न गाळता सांगत गेला: शाळा, बाप नसणं, नोकरी, मोडलेलं लग्न, जरीपटक्याची खोली, आईचं आजारपण, आईचं जाणं, रेडिओ. सगळं खरं होतं. प्रेमिला ऐकत उभी होती. मग तो आजच्या दिवसापाशी आला, आत जाऊन बसल्यापाशी, दार उघडल्यापाशी, आणि तिथे न थांबता, त्याच सुरात, उद्याचं आणि त्याच्याही पुढचं सांगत राहिला.