वर्गाच्या मधले पार्टिशन

मित्रांनो, मी एक जुने लाकडी पार्टिशन आहे. सुताराने मला चाके लावली तेव्हा तो म्हणाला होता, "चाकं भक्कम लावलीत बरं का. थोड्या महिन्यांचंच काम आहे याचं."

तेव्हा सरकारी योजना निघाली होती. मागे पडलेल्या मुलांना वेगळे बसवायचे, जादा शिकवायचे आणि बरोबरीला आली की परत एकत्र करायचे. मग मला ढकलून बाहेर काढणार होते. ऐकायला किती गोड!

माझ्या एका अंगाला हुशार मुले आणि गुरुजी बसत. दुसऱ्या अंगाला 'कच्ची' मुले आणि योजनेवर नेमलेल्या बाई. बाई जीव तोडून शिकवत, खोटे कशाला बोलू?

कच्च्यांत एक मुलगी होती. अंगाने एवढीशी, जिभेने तिखट, म्हणून सगळे तिला लवंगी म्हणत. ती माझ्या फळीला कान लावून पलीकडचे गणित शिके. गुरुजींनी प्रश्न विचारला की पलीकडची मुले डोके खाजवत बसत आणि अलीकडून हिचे उत्तर येई. गुरुजी हसत, "अरे, पार्टिशनला येतं आणि तुम्हाला येत नाही!" मला कोण अभिमान वाटे!

चाचणी जवळ आली. लवंगी पलीकडे जाणार, हे ठरलेलेच होते. पण मुख्याध्यापकांनी बाईंना गाठले. "पोरं पलीकडे गेली की इकडचा पट घटतो. पट घटला की योजना बंद, तुम्ही घरी. मग उरलेल्यांना कोण बघणार?"

बाई लवंगीजवळ येऊन बसल्या. "बाळा, या वेळी उत्तरं चुकव. एवढ्या एकाच वेळी."

"पण मला येतंय ना, बाई."

"माहीत आहे गं मला."

लवंगीने चुकवली. पुढच्या चाचणीतही चुकवली. हळूहळू मुद्दाम चुकवायची गरजच राहिली नाही. तिने फळीला कान लावणेही सोडले. वर अहवाल गेला, 'योजना यशस्वी, मुदत वाढवावी.' आग लागो त्या यशाला! बाई पुढे कायम झाल्या आणि बदलून गेल्या. माझी चाके गंजून जागच्या जागी बसली.

परवा लवंगी आली, लेकीचे नाव घालायला. मुख्याध्यापक आता नवे आहेत. ते माझ्या अलीकडे बसून कागद भरत होते, तेवढ्यात पलीकडे गुरुजींनी प्रश्न विचारला. लेकीने इकडून खणखणीत उत्तर दिले. बरोबर होते हो!

"गप गं," लवंगी तिच्यावर खेकसली. मग खाली मान घालून म्हणाली, "कच्च्यांतच बसवा, साहेब. माझ्यावरच गेलीय. आमच्या डोक्यात नाही शिरत काही."

"पण मला येतंय ना, आई," लेक म्हणाली.

मित्रांनो, मला नवा रंग देऊ नका. चाकांना तेलही घालू नका, आता ती फिरायची नाहीत. कुऱ्हाड आणा. ती पोर आजच माझ्या फळीला कान लावून बसली आहे. ती गप्प व्हायच्या आत मला तोडा.