पहिल्या भागाचा निकाल

"बंद पडणार," डब्याचं झाकण काढता काढता काकांनी निकाल दिला. "चार महिने. फार फार तर पाच."

"अहो काका, कालच तर सुरू झाली!" तिकीट खिडकीवरची ताई कळवळली. तिला त्या मालिकेतला डॉक्टर आवडला होता.

"तो डॉक्टर ना? अख्ख्या भागात एकदा तरी हात धुतले का त्याने?"

ताईने आठवून पाहिलं. नव्हते धुतले. वायरमन खो खो हसला आणि ताईचा डॉक्टर तिथेच निकालात निघाला.

बस आगाराच्या टायर विभागात काकांचा जन्म गेला होता. कुठल्याही नव्या मालिकेचा पहिला भाग ते बघत आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मत देत. दुसरा भाग कधीच बघत नसत. हवा भरली की कळतं टायर धावणार की बसणार, त्यासाठी गावभर फिरायची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळे त्यांना निकालकाका म्हणत. मालिका सोडल्या तर जगात त्यांचं मत कोणी विचारत नसे, हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं. म्हणून विचारलं की ते जरा जास्तच ताणून सांगत.

त्या संध्याकाळी आणखी एक नवी मालिका सुरू होणार होती, आणि काकांची बायको सकाळपासून सारखी घड्याळाकडे बघत होती. मालिका त्यांच्या लेकीने लिहिली होती. काकांना याचा पत्ता नव्हता.

लेकीने दोन वर्षांपूर्वी चांगली कायमची नोकरी सोडली, तेव्हा काका म्हणाले होते, "खोट्या माणसांची भांडणं लिहिणार? घरात काय कमी होती?" लेक बॅग घेऊन निघाली ती निघालीच. तेव्हापासून फोन फक्त आईला. "बाबांचा गुडघा कसा आहे?" तिकडून विचारायचं, आणि फोन ठेवला की "जेवतेबिवते ना वेळेवर?" इकडून विचारायचं. मधल्या मधे आईचं टपाल खातं झालं होतं.

"त्यांना सांगू नकोस हं," लेकीने बजावलं होतं. "माझी आहे कळलं तर बघणारच नाहीत. बाबांनी नापास केलेली एकही मालिका आजवर टिकलेली नाही, आई. मला त्यांचं खरं मत हवंय."

म्हणून मालिका सुरू होताना पडद्यावर नावं यायला लागली तशी आई म्हणाली, "अहो, गॅस बंद केलाय का बघून या ना."

"तूच तर केलास आत्ता."

"बघून तर या!"

काका कुरकुरत गेले आणि आले. नावं सरकून गेली होती.

पडद्यावर एक बाप खुर्चीत बसून पेपर वाचत होता. मुलगी धावत आली, पास झाल्याचं तिने सांगितलं. बापाने पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, "बरं."

"हा काय बाप?" काका उसळले. "पोरगी पास झाली तर नुसतं बरं? तोंडात मिठाची गुळणी धरलीय का? असली माणसं कुठे असतात?"

बायकोला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही आलं. दोन्ही तिने खोकल्यावर निभावलं.

काकांचं तोंड चालूच राहिलं. घर फार मोठं दाखवलंय. आई उगाचच सारखी डोळे पुसते. मुलगी मात्र बरी आहे, चालताना पायांचा आवाज करते, घरातली वाटते.

मग पहाट झाली. पडद्यावरच्या मुलीला परीक्षेला जायचं होतं. ती खिडकीशी आली. खाली अंगणात बाप तिच्या सायकलपाशी उकिडवा बसला होता. अंगठ्याने त्याने पुढचं चाक दाबून पाहिलं, मग मागचं. मग उठून पंप घेतला आणि हवा भरू लागला. मुलगी बघत राहिली. बापाने पंप भिंतीमागे लपवला आणि घरात येऊन पुन्हा पेपर उघडला.

काका बोलायचे थांबले.

लेकीच्या शाळेपासून कॉलेजापर्यंत त्यांनी हे रोज केलं होतं. बायको तेव्हा मागच्या बाजूला पाणी भरत असायची, तिलाही माहीत नव्हतं. "माझ्या सायकलची हवा कधी जातच नाही," असं लेक मैत्रिणींना सांगायची, तेव्हा ते मनात खूश व्हायचे आणि काही बोलायचे नाहीत.

भाग संपला. "कशी वाटली?" बायकोने चाचरत विचारलं.

काका उठून हात धुवायला गेले. लेकीचा फोन आला तेव्हा आईला एवढंच सांगता आलं, "काही बोललेच नाहीत गं."

दुसऱ्या दिवशी आगारात वायरमनने आधीच झोड उठवली. "काका, कालची ती रडूबाई बघितली? बाप हवा भरतोय काय, पोरगी बघतेय काय! द्या निकाल. दोन महिने?"

काकांनी घास चावून संपवला. "दुसरा भाग बघून सांगतो."

ताईचा हात डब्यात तसाच राहिला. वायरमनने तिच्याकडे बघितलं.

संध्याकाळी फोन वाजला. आईने हात पुढे केला, पण काकांनी तो आधीच उचलला होता.

"आई, आज तरी काही—"

"मी आहे."

तिकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला.

"त्या नटाला पंप मारता येत नाही," काका म्हणाले. "खालच्या पट्टीवर पाय दाबून धरायचा असतो. नाहीतर पंप नाचतो. कोणी शिकवलं नाही का त्याला?"

"मीच शिकवलं नाही, बाबा. मला पाय कुठे दिसायचे? वरच्या खिडकीतून नुसती तुमची पाठ दिसायची."

काका खुर्चीत बसले.

"रोज बघायचीस?"

"रोज."

"मग हाक का नाही मारलीस कधी?"

"हाक मारली असती तर तुम्ही हवा भरायचं थांबवलं असतं."

काकांना खोटं बोलता येईना. थांबवलंच असतं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. लेकीला पुष्कळ काही सांगावंसं वाटलं त्यांना, आणि तोंडातून एकच शब्द निघाला.

"बरं."

लेक हसली की रडली ते फोनवर कळलं नाही. "पायाचं सांगते त्या नटाला," ती म्हणाली.

दुसरा भाग सुरू झाला. आज बायकोने त्यांना गॅस बघायला पाठवलं नाही. काका टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले आणि सरकणारं एकेक नाव ओठ हलवत वाचू लागले. लेकीचं नाव आलं. ते पुरतं वाचून झालं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले, त्यामुळे त्या भागाची सुरुवात त्यांची चुकलीच.