दुसरी बाही

आत्याच्या घरात दोन नियम होते. लोकर खाली ठेवायची नाही आणि कुत्र्याला लोकरीजवळ एकटे सोडायचे नाही. नियम तिनेच केलेले, आणि घरादाराच्या मागे लागून पाळायला लावलेलेही तिनेच. विणकामाची पिशवी उंच खुंटीला असायची, आणि फरशीवर बोटभर दोरा दिसला तरी आत्या हातातला घास ठेवून आधी तो उचलायची. भाची म्हणायची, "आत्या, आपल्याकडे कुत्री मोकळी असतात, लोकर तेवढी बांधलेली असते."

आणि नेमके कुत्र्यांच्या प्रदर्शनाच्या सकाळी हे नियम मोडले ते आत्यानेच.

झाले असे. साखर म्हणजे घरातली धाकटी कुत्री, पांढरीशुभ्र पामेरियन. भाचीने उजाडल्यापासून तिला न्हाऊ घालून, ड्रायरने एकेक केस फुलवून टेबलावर उभी केली होती. उन्हात धरलेल्या कापसासारखी दिसत होती नुसती. "आत्या, मी पिंजरा गाडीत ठेवून येते. हिला हलू देऊ नकोस," असे सांगून भाची खाली गेली. आत्या शेजारच्या खुर्चीत बसून स्वेटरची बाही विणत होती. तेवढ्यात न्हाणीघरातून केकाटण्याचा आवाज आला. आबा ओल्या फरशीवर घसरला होता. आबा हा घरातला म्हातारा कुत्रा; एके काळी याने कपाटभर कप जिंकून आणले होते, आता मागचे पाय त्याचे ऐकत नव्हते. सुया, बाही, लोकरीचा गुंडा सगळे खुर्चीवर टाकून आत्या धावली. आबाला उठवले, पुसले, त्याची समजूत काढली.

परत आली तर साखर खुर्चीवर, बाही तिच्या पोटाखाली, आणि लोकरीचा निळा गुंडा टेबलाच्या पायांना वळसे घालून पार दारापर्यंत गेलेला. सुईपासून निघालेला दोरा वितीवर तुटलेला होता. टोक ओले. गुंड्याचे टोकही ओले.

एकाच जागी तुटला असेल तर काही बिघडले नाही. पण दोन जागी तुटला असेल, तर मधला तुकडा कुठे?

आत्याने खुर्चीखाली पाहिले, गादीच्या फटीत बोटे घातली, पायपुसणे झटकले. साखरेचे तोंड उघडून जिभेखाली पाहिले. तिथे दोरा अडकतो हे तिला ठाऊक होते. काही नव्हते. साखरेने तिचे नाक चाटले.

"आत्या! निघायचं ना?" खालून भाचीची हाक.

आता सांगून टाकावे की नाही? कुणीही म्हणेल, यात विचार कसला करायचा! पण आत्याची अडचण वेगळी होती. मागच्या प्रदर्शनाला साखरेचे नाक कोरडे लागले म्हणून तिने इतका आकांत मांडला होता की भाचीने नाव मागे घेतले. डॉक्टरांनी तपासले, तर कुत्री ठणठणीत. घरी आल्यावर भाची म्हणाली होती, "आत्या, तुझ्या भीतीलाही एक पिंजरा आणूया का?" चॅम्पियन व्हायला साखरेला एकच विजय हवा होता. तो आज मिळणार असे सगळेच म्हणत होते. आज पुन्हा तोंड उघडायचे, आणि पुन्हा काहीच निघाले नाही तर?

आत्याने दोन्ही ओली टोके गाठ मारून जोडली आणि गुंडा गुंडाळला. गुंडाळताना तिला एक वाट सुचली. तिचा ठरलेला हिशेब होता. एका गुंड्यात एक बाही, आणि शेवटी शिवणीपुरता हातभर दोरा उरतो. पहिली बाही तशीच झाली होती. दुसरीचा खांद्याचा भाग तेवढा राहिला होता. ती पुरी होऊन हातभर दोरा उरला, तर साखरेच्या पोटात काही गेले नाही. कमी पडला, तर त्याच क्षणी सांगायचे. ठरले.

मन हे असेच असते. कठीण काम दिसले की त्याच्या अलीकडे एक सोपे काम काढून देते आणि म्हणते, आधी एवढे उरक.

गाडी दादा चालवत होता. दादा म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, भाचीचे वडील. स्वेटर त्याचाच.

"विण बाई, विण," तो आरशात बघून म्हणाला. "दोन हिवाळे गेले, माझ्या स्वेटरला अजून एकच हात आहे. लोक विचारतात, अपघात कुठे झाला?"

"मग कुत्र्यांना न्हाऊ तू घालत जा, मी विणत बसते."

"तू विणायला बसलीस की आबाला औषध आठवतं. आबाला औषध दिलंस की हिचा कंगवा हरवतो. या घरात माझा नंबर तिसरा."

"चौथा," भाची म्हणाली. ती हसली, आणि मांडीवरच्या पिंजऱ्याकडे बघून लगेच गंभीर झाली. आत्याच्या सुया चालूच होत्या. लहानपणापासून तिला एका टाक्याला एकदा देवाचे नाव घ्यायची सवय होती. एरवी त्या नावाने हात शांत होत. आज नाव ओठांवर होते आणि डोळे पिंजऱ्यात.

प्रदर्शनाचा हॉल म्हणजे एक मोठे न्हावीदुकानच. ओळीने घडीची टेबले, त्यांवर उभी कुत्री, कुणाचे कान विंचरणे चालू, कुणाच्या पायांना पावडर. ड्रायरच्या घरघरीत माणसे एकमेकांशी ओरडून बोलत होती. दादाने आत्याला रिंगणाच्या दोरीजवळ खुर्ची धरून दिली. भाचीने साखरेपुढे उकडलेल्या कलेजीचा तुकडा धरला. साखरेने तो हुंगला आणि मान फिरवली.

आत्याचा टाका सुटला. तिने तो पुन्हा उचलला.

"खात नाहीये?" तिने विचारले. आवाज जमेल तेवढा साधा ठेवला होता.

"गर्दी आहे ना. घाबरलीये जरा." भाचीने तिच्याकडे रोखून पाहिले. "आणि तू आता सुरू होऊ नकोस हं, आत्या. प्लीज."

"मी कुठे काय म्हणाले?"

खरेच, ती काही म्हणाली नव्हती. तीच तर पंचाईत होती.

पहिल्या फेरीत परीक्षक बाईंनी साखरेला टेबलावर घेतले. पाठीवरून हात फिरवला, ओठ वर करून दात पाहिले. आत्याच्या सुया थांबल्या. आता त्या बाईंच्या बोटाला निळा दोरा लागणार आणि सगळ्या हॉलसमोर आपले पाप बाहेर येणार, असे तिला वाटले. आणि खरे सांगायचे तर, लागावा असेही वाटले. म्हणजे आपल्याला बोलावे लागणार नाही. पण बाईंनी मान डोलावली आणि साखर त्या फेरीत पहिली आली. दादाने शिट्टी वाजवली. भाचीने वळून आत्याकडे पाहिले, लहान मुलगी शाळेच्या स्टेजवरून आईला शोधते तसे. आत्याने हात हलवला आणि मान खाली घालून पुढची ओळ धरली.

शेवटच्या फेरीला वेळ होता. भाची साखरेला रिंगणाशेजारी घेऊन उभी होती. साखर मधूनच ओठ चाटत होती, घोट गिळल्यासारखे करत होती. उकडतेय, आत्या मनाशी म्हणाली. देवा, उकडतच असू दे. एक ओळ सुलट, एक ओळ उलट. गुंडा लहान होत गेला, सुपारीएवढा झाला, मग नुसताच दोरा राहिला. आत्याने टाके बंद करायला घेतले. शेवटचा टाका फासातून ओढून घेतला आणि उरलेला दोरा कोपरापर्यंत ताणून धरला.

हातभर. चांगला हातभर.

तिच्या डोळ्यांत पाणीच आले. देवा, राखलेस रे बाबा! तिने बाही दादाच्या अंगावर फेकली. "घे, झाला तुझा दुसरा हात. आता कुणाला अपघात सांगू नकोस."

दादाने कौतुकाने बाही हातात चढवायला घेतली. मनगट गेले, कोपर गेले, आणि दंडाला अडकली. त्याने ओढली, दात खाऊन ओढली.

"अगं, ही माझी की साखरेची? दंडाला तर पोलिसाच्या बेडीसारखी बसतेय."

आत्याने बाही त्याच्याकडून हिसकावून घेतली. पिशवीतून पहिली काढली आणि एकीवर एक ठेवली. खालपासून गाठीपर्यंत दोन्ही सारख्या. गाठीच्या वर मात्र दुसरी आत ओढलेली, प्रत्येक टाका आवळलेल्या मुठीसारखा. ओळी तेवढ्याच होत्या. पण भीतीने हात घट्ट चालला होता आणि घट्ट विणीला दोरा कमी लागतो. हातभर दोरा उरला तो हिशेब जुळला म्हणून नव्हे. तिचा हात घाबरला म्हणून उरला.

सकाळपासून आपण देवाचे नाव घेऊन काय मागत होतो, हे तिला आत्ता कळले. साखर बरी असू दे, हे ओठांवर होते. मला बोलावे लागू नये, हे पोटात होते.

ती उठली. रिंगणात शेवटची फेरी सुरू झाली होती. साखर टेबलावर उभी होती, आणि आता आत्याला दिसले, तिची पाठ किंचित कमानीसारखी वर आली होती. दोरीबाहेरून कुणी बोलायचे नाही असा तिथला दंडक. आत्या दोरीला पोट लावून भाचीकडे बघत ओरडली, "बबडे! हिनं लोकर गिळलीये!"

सगळा हॉल वळला. भाचीच्या चेहऱ्यावर आधी राग आला, तो मागच्या वेळचाच, ओळखीचा. "आत्या, परत?"

"परत नाही गं. सकाळी माझ्या खुर्चीवर चढली होती. दोरा तुटलेला होता. मी तुला सांगितलं नाही."

शेवटच्या वाक्याला भाचीचा राग गेला आणि तिथे दुसरेच काही आले. तिने साखरेच्या पाठीवर हात ठेवला, मग पोटाखाली. साखर कण्हली. परीक्षक बाई जवळ येत होत्या. भाची त्यांना म्हणाली, "माफ करा, आम्ही जातो." तिने साखरेला उचलले आणि दोरी ओलांडून, आत्याकडे न बघता, दाराकडे चालू लागली.

दादाने गाडी थेट प्राण्यांच्या दवाखान्यात नेली.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. "पोटात गुंता दिसतोय," ते म्हणाले. "अजून बराचसा जठरातच आहे असं वाटतं, म्हणजे भूल देऊन तोंडातून नळीनं काढता येईल. पण एखादा तुकडा पुढे आतड्यात गेला असेल तर पोट उघडावं लागेल. साधारण किती लोकर गेली असेल?"

भाचीने पहिल्यांदा आत्याकडे पाहिले. "सांग ना."

"मला माहीत नाही," आत्या म्हणाली. आणि मग, "पण कळेल. तुम्ही सुरू करा, डॉक्टर."

बाहेरच्या खोलीत तिने दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या. दुसरी बाही हातात घेतली, बंद केलेला टाका सोडला आणि भराभर उसवत गाठीपर्यंत आली. निघालेला दोरा दादा खुर्च्यांच्या पाठींभोवती वेढे देऊन लपेटत गेला. मग आत्याने पहिली बाही घेतली, झालेली, नीट बसलेली.

"अगं, ती कशाला?" दादा कळवळला. "एक तरी हात राहू दे मला!"

"घट्ट असो की सैल, विणलेलं फसवतं. उसवलेलं फसवत नाही. धर."

सकाळीही हे करता आले असते. पण सकाळी तिला उत्तर नको होते, दिलासा हवा होता. तिने पहिली बाही तेवढीच उसवली, त्याच ओळीपर्यंत. दोन्ही दोऱ्यांचे वेढे शेजारी शेजारी पडले, आणि पहिलीचा दोरा जास्त भरला. जेवढा जास्त, तेवढा साखरेच्या पोटात. दादाने तो जास्तीचा दोरा दोन्ही हात फैलावून धरला, एकदा, आणि पुन्हा अर्ध्यापर्यंत. आत्याने तेवढाच तोडला आणि आत पाठवला. "एवढा आहे म्हणावं. याहून कमी निघाला तर थांबू नका म्हणावं."

मग वाट पाहणे. दादा भिंतीवरचे लशींचे पत्रक पुन्हा पुन्हा वाचत होता. भाची दाराशी उभी होती, साखरेचा कंगवा हातात घट्ट धरून, दात तळव्यात रुतेपर्यंत. आत्याच्या मांडीवर दोन लुळ्या बाह्या पडल्या होत्या. देवाचे नाव घ्यायला तिला लाज वाटत होती. मग वाटले, लाज वाटते म्हणून तर घ्यायचे.

डॉक्टर एका ताटलीत मळकट निळा बुळबुळीत गोळा घेऊन आले. आत्याने तो नळाखाली धुतला, गुंता सोडवला आणि मोजणीच्या दोऱ्याशेजारी टेबलावर ताणून धरला. दोन बोटे कमी भरला.

तिने दोन्ही दोरे पुन्हा जुळवून पाहिले. "दोन बोटं राहिलं."

"दोन बोटं आपोआप जाईल," डॉक्टर म्हणाले. "मला भीती होती ती लांब दोऱ्याची. हा नमुना नसता तर पोट उघडून बघावं लागलं असतं. तीनचार दिवस लक्ष ठेवा. शी तपासावी लागेल."

"ते माझ्याकडे," आत्या म्हणाली.

भाची तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली.

"मी सकाळीच ऐकलं असतं का, मला माहीत नाही," ती म्हणाली. "मागच्या वेळी मी फार लागेल असं बोलले होते. पण तू सांगायचंस, आत्या. मी ओरडले असते तरी."

"सांगीन."

"नाक कोरडं असलं तरी?"

"तरी सांगीन. मग तू ओरड."

दादाने खुर्च्यांवरचे वेढे काढून भाचीच्या दोन्ही मनगटांत घातले, आणि आत्या गुंडा गुंडाळू लागली. आतून साखरेचे भुलीतले बारीक कण्हणे ऐकू आले, तशी आत्याची बोटे पुन्हा आवळली. दोरा ताठ झाला, भाचीच्या मनगटात रुतला.

"हात सैल, आत्या," भाची म्हणाली, आणि दोन्ही हात थोडे पुढे केले.