बयाबाईंनी मांडलेला पाट

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. पंगतीत रांगोळीशेजारी मिरवणारा पाट मी नव्हे. माझ्या अंगाला मासळीचा वास आहे आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. सानपाड्याच्या मासळी बाजारात माझ्यावर बसून सारसोळ्याच्या विमलबाई मासे विकतात.

त्यांचे यजमान नामा यांनी आपल्या मोडलेल्या होडीच्या फळीतून मला घडवले. पुढे नामांचा घसा दुखू लागला. त्यांनी दुखणे बरेच दिवस अंगावर काढले. मग मात्र सारे घर कामधंदा सोडून त्यांच्यासाठी धावले, पण कर्करोग हाताबाहेर गेला होता. नामा गेले आणि विमलबाई एकट्या मला घेऊन बाजारात बसू लागल्या.

आमच्या बाजाराची एक रीत आहे. जिचा पाट मांडलेला, तिची जागा. मांडलेल्या पाटावर दुसरी कोणी बसत नाही, पण पाट दिसला नाही की जागा गेलीच म्हणून समजा. त्यामुळे विमलबाई बाजार कधी चुकवत नसत.

मग त्यांच्या गालाला आतून एक जखम झाली. त्यांना रोज मिश्री लावायची सवय. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड जखमेवर दाबली की जागा बधिर होई, म्हणून त्या तिलाच औषध समजू लागल्या. जखम दुखली की मिश्री, आणि मिश्रीने जखम आणखी चिघळायची. नामांसाठी सारे घर धावले होते. विमलबाईंसाठी धावायला खुद्द विमलबाईही तयार नव्हत्या.

शेजारच्या पाटावर बयाबाई बसतात. दुपारी दोघी एकत्र डबा खातात. एके दिवशी बयाबाईंनी विमलबाईंचे कालवण चाखले आणि त्यांचा हात थांबला.

"बोंबलाचं कालवन आनि मिरची नाय? तोंड दाखव बगू."

विमलबाईंना तोंड पुरते उघडता येईना. तेवढ्यात नेहमीच्या गिऱ्हाईक संघमित्राताई आल्या. त्यांनीही जखम पाहिली.

"मावशी, आमच्या ह्यांच्या तोंडात असाच चट्टा होता. कंपनीच्या चेकअपमध्ये दिसला, लगेच ऑपरेशन केलं. आता एकदम ओके आहेत. तुम्ही उद्याच दाखवा."

"माजी कुठली आलीय कंपनी?" विमलबाई हसल्या. "मी गेले तं ही जागा जाईल."

मला फार वाईट वाटले. आजार तोच. संघमित्राताईंच्या यजमानांचा वेळेवर कळला, नामांचा उशिरा कळला, आणि विमलबाईंना तर कळूनही दवाखान्यात जायची सोय नव्हती. त्यांना अडवणारी जागा म्हणजे मीच की.

बयाबाई मात्र ठाम होत्या. "तुजा पाट रोज मी मांडते. तुज्या वाट्याची मासली मी इकते. पन उद्या गेली नायस, तं हा पाट खाडीत टाकीन."

मी घाबरलो, तरी बाई बोलत होत्या ते अगदी बरोबर होते.

संघमित्राताई रजा टाकून सोबत गेल्या. सरकारी रुग्णालयात विमलबाईंचे ऑपरेशन झाले. पुढे उपचार चालले ते सगळे महिने बयाबाई मला रोज धुऊन मांडत, माझ्यासमोर वेगळी मासळी लावत आणि गिऱ्हाइकांना सांगत, "ही विमलची हाय, हितनं बी घ्या." माझ्यावर कोणी बसले नाही.

विमलबाई परत आल्या तेव्हा त्यांचा एक गाल ओढलेला होता आणि शब्द अडखळत होते. मिश्री सुटली होती. थोडे आधी आला असतात तर गाल वाचला असता, असे डॉक्टर म्हणाले म्हणे. पण त्या जिवंत होत्या, आणि माझ्यावर बसल्या होत्या. त्यांना ओरडून गिऱ्हाईक बोलावता येत नाही, म्हणून बयाबाई दोघींच्या वतीने ओरडतात. त्या माउलीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

मित्रांनो, तुमच्या सोसायटीचा जिना झाडणारी एखादी मावशी असेच दुखणे लपवून कामावर येत असेल. तिला नुसते "दवाखान्यात जा" म्हणू नका. ती विचारेल, "मग माझे काम कोण करणार?" त्याचे उत्तर घेऊनच तिच्याकडे जा.