सरांसोबत कोण आहे?

"कायले एवढ्या जोरानं फुकून राहिले बापा, जशी चूलच पेटवाची हाय!"

सुशीलाबाई हे पुटपुटल्या ते शेंगांच्या टोपलीकडे बघून. पण पुष्पांजली त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती, त्यामुळे तिला अक्षर न अक्षर ऐकू आलं. तिनं ऐकलं नाही असं दाखवलं आणि पोपटाची, म्हणजे वालाची, आणखी एक शेंग सोलली. त्या घरात अलीकडे ही सवयच पडली होती.

समोरच्या खोलीत गोवर्धन सर सराव करत होते. सर म्हणजे सुशीलाबाईंचे यजमान. वय चौऱ्याहत्तर, आश्रमशाळेतून निवृत्त होऊन सोळा वर्षं झालेली. त्यांच्या हातातली बासरी आपल्याकडच्यासारखी आडवी नव्हती. शिट्टीसारखी तोंडात धरून उभी वाजवायची. तिला रेकॉर्डर म्हणतात. चाळीस वर्षांपूर्वी एक जर्मन माणूस इकडचे जुने तलाव अभ्यासायला आला होता. सरांच्या पणजोबांनी बांधलेला तलाव बघायला म्हणून आला आणि दोन पावसाळे सरांच्याच पडवीत राहिला. जाताना चार बासऱ्या आणि चारशे वर्षं जुन्या चालींच्या वह्या ठेवून गेला. तलाव बघून गेला आणि गाणी ठेवून गेला, असं सर सांगायचे. दरवेळी स्वतःच पहिले हसायचे.

त्या चार बासऱ्यांवर अर्जुनी मोरगावात सरांचा क्लास उभा राहिला. पंचवीस वर्षांत किती पोरं आली आणि गेली. आता उरले होते चौघं. सर, एसटीचा कंडक्टर कैलाश, बी.एस्सी.ला असलेली आचल आणि शाळेचे गणवेश शिवणारी पुष्पांजली. पुष्पांजली चाळिसाव्या वर्षी शिकायला आली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला होता. सरांनी मात्र फक्त तिची बोटं बघितली. म्हणाले, "शिलाई करतेस ना? मग भोकं झाकायला तुला काय शिकवायचं!"

सुशीलाबाई उठल्या आणि दाराशी जाऊन म्हणाल्या, "ऐकलं का?"

पन्नास वर्षं त्या नवऱ्याला याच नावानं हाक मारत होत्या. बासरी वाजतच राहिली. मग त्या आत जाऊन त्यांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या, ओला हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि तेच पुन्हा म्हणाल्या. बासरी थांबली. "जेवून घ्या. चार वाजता पाव्हणे बसतीन समाजमंदिरात."

परत येऊन बसल्यावर पुष्पांजलीला म्हणाल्या, "ध्यानच नसते त्याहिचं. सगळं ध्यान त्या बासरीत."

"होय ना बाई," पुष्पांजली म्हणाली. आणि पुढची शेंग उचलली.

या लपवालपवीची सुरुवात दीड वर्षापूर्वीची होती. या बासरीचा स्वभाव असा की फुंकर किंचित वाढली तरी सूर वर चढतो. सर एक दिवस वर चढले. दुसऱ्या दिवशी आणखी थोडे. ज्याला स्वतःचा सूर नीट पोचत नाही तो आणखी जोरानं फुंकतो, हे तिघांनाही कळलं. तिघांपैकी कुणीच ते बोललं नाही. आचलनं आपल्या बासरीचा सांधा आत दाबला, म्हणजे बासरी आखूड होऊन सूर चढतो. कैलाश जोरानं फुंकू लागला, एवढा की धडा संपेस्तोवर त्याच्या कपाळाची शीर ताठ व्हायची. पुष्पांजलीची बासरी सांधा पूर्ण दाबूनही सरांपर्यंत पोचेना. तेव्हा तिनं घरी जाऊन, दार लावून, त्या सांध्याची कड पॉलिशपेपरनं घासली. अर्धं सूत. शिवलेलं उसवता येतं. घासलेलं कसं आणायचं परत? पण दुसऱ्या दिवशी चौघांचा सूर जमला आणि सर म्हणाले, "वा! आज कसे सगळे एक झालो." तिघंही मान खाली घालून हसले.

एवढंच असतं तर चाललं असतं. मधे रेल्वे होती.

सरांचं घर रुळांच्या या बाजूला आणि धडा व्हायचा ते समाजमंदिर त्या बाजूला. फाटकानं जायचं तर दीड किलोमीटरचा वळसा. सर चाळीस वर्षं स्टेशनामागच्या पायवाटेनं रूळ ओलांडत होते. पूर्वी डिझेलचं इंजिन यायचं तर कोसभरावरून धाप ऐकू यायची. आता विजेवर गाडी येते, तिचा भोंगाच काय तो. पुष्पांजली एकदा म्हणाली होती, "सर, रस्त्यानं जाऊ ना." सर म्हणाले, "काऊन? रुळांले काय झालं?"

याला उत्तर द्यायचं म्हणजे ते बोलावं लागलं असतं.

म्हणून मग धड्याच्या वेळी कुणी ना कुणी सरांच्या दारात उगवू लागलं. कैलाश ड्युटीवरून यायचा, "सहजच आलो सर." आचलचं इकडे कुणा मैत्रिणीकडे काम निघायचं. पुष्पांजली कुणाचं तरी शिवलेलं पोचवायला आलेली असायची. रुळांपाशी आलं की सोबतचा माणूस बोलता बोलता सरांच्या दंडाला हात लावायचा, डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा. पाळी कुणी लावली नव्हती. पाळी लावायची तर कशासाठी लावतो ते सांगावं लागतं. सर एकदा म्हणालेही, "आजकाल तुमचं प्रेम फार उतू चाललंय बा माझ्यावर."

त्या रविवारी नागपूरचा गट यायचा होता. जुनं संगीत वाजवणारी सहा माणसं, सोबत तारांच्या पेटीसारखा आवाज काढणारा कीबोर्ड. इतकी वर्षं सर मेळाव्याला नागपूरला जायचे. मेळावा अर्जुनीला यायची ही पहिलीच वेळ. सरांनी दोन दिवस आधी दाढी करून घेतली होती आणि आज पुन्हा केली होती.

पुष्पांजली अडीचला उठली. "बाई, मी सामोर होते. खुर्च्या लावाच्या हायेत." सर आरशासमोर जाकीट चढवत होते. त्यांना हातानं खूण केली, त्यांनीही केली. वाटेत तिला वाटलं, थांबावं का? पण आचल यायचीच होती. आज तर नक्कीच यायची.

समाजमंदिरात पोचली तर तीस खुर्च्यांतल्या बारा मांडून झालेल्या. निशा मॅडम, म्हणजे नागपूरच्या गटाच्या प्रमुख, वायर कुठं खोचायची ते शोधत होत्या. त्यात खुर्च्या पुसणं, पाण्याचा कॅन, सतरंजीची घडी. सव्वातीनला पुष्पांजली पाठ ताठ करायला उभी राहिली आणि दारात तिला आचल दिसली. उकिडवी बसून रांगोळीत हिरवा रंग भरत होती.

"तू इथं काय करून राहिली?"

"रांगोळी. काऊन?"

"सरांले घ्यायला गेली नाही?"

"कैलाशदादा जाणार ना. त्यांची गल्लीच ती."

त्याच वेळी कैलाश दोन्ही हातांत पाहुण्यांच्या बॅगा घेऊन आत आला. पुष्पांजलीनं त्याच्याकडे बघितलं. 

"सरांसोबत कोण हाय?"

कैलाशनं आचलकडे बघितलं. आचलनं पुष्पांजलीकडे. बॅगा तशाच हातात धरून कैलाश म्हणाला, "तुम्ही होत्या ना ताई त्याहिच्या घरी?"

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. गोंदियाकडून येणारी पॅसेंजर साडेतीनची.

पुष्पांजली पळाली. शेहेचाळीस वर्षांची बाई नऊवारीच्या घोळासारखी साडी मुठीत धरून दिवसाढवळ्या पळते आहे म्हटल्यावर पानठेल्यावरची माणसं वळली. कुणी म्हणालं, "काय झालं वहिनी?" तिनं चप्पल तिथंच सोडली. गाडी लेट असते, ती मनात म्हणत होती, रोज लेट असते, रोजच लेट असते. रेल्वेला इतक्या मनापासून उशीर मागणारी ती बहुधा पहिलीच प्रवासी असेल, तीही बिनतिकिटाची. आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

गाडी आज वेळेवर होती.

गोदामाचा कोपरा वळून ती पायवाटेवर आली तेव्हा तिला सर दिसले. पलीकडच्या अंगाला, रुळांच्या चढावर. खाकी जाकीट, काखेत वह्या, हातात तिनंच शिवलेली बासरीची पिशवी. ते खाली बघत, गिट्टीवर जपून पाय टाकत चढत होते. त्यांचे ओठ हलत होते. सुरुवातीची चाल म्हणत असणार.

भोंगा पुन्हा वाजला, लांबलचक. झाडावरचे बगळे उडाले. सरांनी मान वर केली नाही.

"सर!" ती ओरडली. मग तिला कळलं की आपण ओरडतोय. जिथं इंजिनाचा भोंगा पोचत नाही तिथं हिचा आवाज काय पोचणार? तिनं दोन्ही हात वर करून हलवले. सर पायाखाली बघत होते. त्यांनी पहिल्या रुळावरून पाय टाकला. तिसरा भोंगा तुटक तुटक आला, ड्रायव्हर कळवळून ओरडावा तसा, आणि ब्रेकचं लोखंड किंचाळायला लागलं.

तिनं डोळे मिटले नाहीत. मिटता आले असते तर बरं झालं असतं.

सर मधोमध थांबले. खाली बघितलं. गिट्टी थरथरत होती, तेवढं त्यांच्या तळव्यांना कळलं असावं. मग त्यांनी वळून बघितलं आणि दोन पावलं टाकली. घाईची म्हणावी अशीसुद्धा नाहीत. त्यांच्या पाठीमागून इंजिनाचं नाक गेलं. जाकीट फडफडलं, वहीतली पानं उडाली.

ती त्यांच्यापर्यंत पोचली तेव्हा डबे अजून जातच होते. दारात उभ्या असलेल्या एकानं वाकून हात नाचवत शिवी हासडली, "मरने का है क्या, बुढ्ढे?" सरांनी त्याच्याकडे बघून हात वर केला आणि हसून नमस्कार केला.

गाडी स्टेशनात जाऊन थांबली. सर पानं गोळा करायला वाकले. तीही वाकली. 

"भोंगाच नाही दिला बघ," सर म्हणाले. "आजकालचे ड्रायव्हर!"

तिनं त्यांच्याकडे बघितलं. ते तिच्या ओठांकडे बघत होते, उत्तराची वाट बघत. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तिची हिंमत गेली.

"नाही दिला सर," ती म्हणाली.

समाजमंदिरात कैलाश आणि आचल दाराशीच उभे होते. सरांना बघून आचल वळली आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. कैलाश म्हणाला, "या सर, या."  सुशीलाबाई फाटकाकडून ऑटोनं आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. खुर्च्या भरल्या. कुणी पुष्पांजलीच्या अनवाण्या पायांकडे बघितलं, तिनं ते साडीखाली घेतले.

निशा मॅडमनी कीबोर्डवर सूर दिला. चौघांनी बासऱ्या ओठांना लावल्या, सरांनी श्वास घेऊन खूण केली आणि सगळ्यांनी फुंकलं.

बासऱ्या चौघांच्या एक होत्या. कीबोर्ड खाली, खूप खाली राहिला होता. नागपूरच्या दोघातिघांनी एकमेकांकडे बघितलं. मागच्या रांगेतलं एक पोर हसलं.

सरांनी हात वर केला. सगळ्यांचे हात चाललेले त्यांना दिसत होते, पण निशा मॅडमच्या कपाळावरची आठीही दिसली. "मॅडम, कीबोर्ड उतरलाय का तुमचा?"

निशा मॅडम दचकल्या. उतरत नसतो तो, विजेचा आहे. त्यांनी पुष्पांजलीकडे बघितलं, मग कैलाशकडे.

"थंडीनं होत असन," कैलाश म्हणाला.

"हो, थंडीनं," आचल म्हणाली.

"उतरलाच हाय थोडा," पहिल्या रांगेतून सुशीलाबाई म्हणाल्या. त्यांना सूर कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, इतकं घट्ट की बोट पांढरं पडलं होतं.

निशा मॅडम म्हणजे भली बाई. "करते मी वर," त्या म्हणाल्या आणि कीबोर्डची एक कळ दाबली. सूर चढला. पुन्हा दाबली, पुन्हा चढला. "अजून? बघा बरं."

सर समाधानानं मान डोलवत होते. उद्या सोमवार. उद्या पाच वाजता धडा. कैलाशची ड्युटी गोंदियाची, आचलचं प्रॅक्टिकल, आणि तिच्याकडे साठ गणवेश कापून पडलेले. गाडी साडेतीनलाही येते आणि पाचलाही.

निशा मॅडमनी तिसऱ्यांदा कळ दाबली.

"थांबा मॅडम," पुष्पांजली म्हणाली.

तिनं बासरी खुर्चीवर ठेवली आणि उठून सरांच्या समोर जाऊन उभी राहिली. सुशीलाबाई अर्ध्या उठल्या. "पुष्पा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "नको वं माय."

"सर, भोंगा दिला होता त्यानं," पुष्पांजली म्हणाली. अगदी हळू. "तीनदा."

सरांनी मान किंचित पुढे केली. "काय म्हणाली?"

हेच तर होतं. हे हळू बोलून चालणार नव्हतं. तीस खुर्च्यांसमोर, पाहुण्यांसमोर, तेही मोठ्यानं.  तिनं सरांचे दोन्ही हात बासरीसकट आपल्या हातात घेतले आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरून घेतला.

"सर, तुम्हाला ऐकू येत नाही!"