टाचेला घट्ट होत नाहीत ना?

हॅलो. हा शब्द मी जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला, आज स्वतः म्हणून बघतोय. मी मोजेवाल्या ताईंचा फोन बोलतोय. ताई नव्हे, नुसता फोन. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण कोण बोलतंय याची खात्री न केल्यामुळेच पुढचं सगळं रामायण घडलं.

दुकानाच्या काचेच्या कपाटात होतो तेव्हा मी फार ऐटीत होतो. वाटायचं, एखाद्या बड्या साहेबाच्या खिशात जाणार. आलो कुठे, तर लोकरीच्या गुंड्यांच्या टोपलीत. ताई मोजे विणून ऑनलाइन विकायच्या. कोणाचे पाय सुजलेले, कोणाची बोटं वाकलेली, कोणाचा एक पाय मोठा. दुकानातले मोजे ज्यांना होत नाहीत ती सगळी माणसं आमची. गिऱ्हाईक कागदावर पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरवायचं आणि तो कागद पोस्टाने पाठवायचं. ताई तो समोर टाचून विणायला बसायच्या.

पार्सल पोचलं की आठ दिवसांनी त्या स्वतः फोन करायच्या. "मोजेवाली ताई बोलतेय. टाचेला घट्ट होत नाहीत ना?" मग टाचेवरून गोष्ट गुडघ्यावर जायची, गुडघ्यावरून सुनेवर. माझा कान तापून लाल व्हायचा. ताईंच्या नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं, पार्सलं बांधता बांधता म्हणायच्या, "वहिनी, मोजे एकदा विकायचे आणि माणूस जन्मभर सांभाळायचं, हा कुठला धंदा?" पण ताई बोलत असल्या की टीव्हीचा आवाज कमी करायच्या त्याच.

सगळ्यांत लांब फोन मास्तरांचा. शाळेतून निवृत्त झालेले, एकटे, डोळे अधू, उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा. पहिल्याच रिंगला उचलायचे. मला कळायचं, फोनच्या शेजारीच बसून असणार.

आता माझं पाप सांगतो. दर शनिवारी पार्सलं टेबलावर मांडून ताई त्यांचा फोटो काढायच्या आणि आपल्या पानावर टाकायच्या. "ही निघाली बरं का मंडळी." वन्संचं अक्षर मोत्यासारखं; नावं, पत्ते, फोन नंबर ठळक लिहिलेले. आणि मला माझ्या कॅमेऱ्याची घमेंड. एकेक आकडा लख्ख टिपला मी. कौतुकाचे अंगठे मोजत बसलो. त्या फोटोतून कोणीतरी नंबर उतरवून घेत असेल, हे ना ताईंच्या डोक्यात आलं, ना माझ्या.

एका दुपारी मास्तरांचा फोन आला.

"ताई, तुम्ही म्हणालात पैसे परत येतील. ते तर उलट गेले की हो."

"मी कधी म्हणाले, मास्तर?"

"काल नाही का फोन केलात? पार्सल चुकीच्या पत्त्यावर गेलं, पैसे परत करते, मोबाईलवर आलेला आकडा सांगा म्हणून?"

खात्यातलं सगळं गेलं होतं. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेलं. ताईंनी आधी त्यांना बँकेला कळवायला लावलं, मग पोलिसात तक्रार करायला. मास्तर रागावले मात्र नाहीत. फोन ठेवताना म्हणाले, "आवाज बाईचाच होता. पण तिने टाचेचं काही विचारलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. काय करणार, फोन आला याचाच आनंद झाला."

त्या वाक्याने ताई जितक्या रडल्या तितक्या पैशाच्या बातमीने रडल्या नव्हत्या. फोनची सवय त्यांनीच लावली होती. त्या भामट्या बाईला नुसतं नाव सांगावं लागलं, विश्वास आयता तयार होता.

दुसऱ्या दिवशी सगळे फोटो काढून टाकले. मग वन्संनी ठळक अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या आणि जुन्या-नव्या सगळ्या गिऱ्हाइकांना पोस्टाने पाठवल्या. "मोजेवाली ताई यापुढे कोणालाही फोन करणार नाही. माझ्या नावाने फोन आला तर ठेवून द्या. आकडा सांगू नका, पैसे पाठवू नका. शंका आली तर खालच्या नंबरवर तुम्ही मला फोन करा." खालचा नंबर माझा. एवढा मान मिळाला आणि त्याच दिवसापासून मी मुका झालो.

चिठ्ठ्यांचा उपयोग झाला. पहिल्या महिन्यात चार जणांनी खात्री करायला फोन केला, चौघंही वाचले. मग तेही थांबलं. मी वाजत नाही म्हणजे सगळे सुखरूप आहेत, हे मला समजतं. समजतं, पण करमत नाही. चार्ज होऊन फळीवर पडून राहतो. ताई विणतात, वन्सं पार्सलं बांधतात, आणि दुपार सरता सरत नाही.

एकदाच ताईंनी नियम मोडला. तक्रारीचं पुढे काही झालं का, मास्तर जेवतात-खातात ना, हे विचारल्याशिवाय त्यांना राहवेना. फोन लावला. पहिली रिंग गेली, दुसरी गेली, पार शेवटपर्यंत वाजला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला गेला. ताई म्हणाल्या, "मास्तर, मी मोजेवाली ताई..." आणि पलीकडून फोन ठेवला गेला.

ताई कितीतरी वेळ मला हातात धरून बसल्या. वन्सं हळूच म्हणाल्या, "वहिनी, तुमचंच ऐकलं त्यांनी."

दहा दिवसांनी पोस्टाने कागद आला. पायाचा आकार, उजवा, रेघ थरथरलेली. पावलाच्या आत मोठ्या अक्षरात लिहिलेलं: "तुमची चिठ्ठी भिंग लावून वाचली. परवा कोणी बाई तुमच्या नावाने बोलली, मी ठेवून दिला. आवाज अगदी तुमच्यासारखा होता, म्हणून ठेवताना जिवावर आलं. पैसे अजून आले नाहीत. मोजे टाचेला घट्ट होत नाहीत."

ताईंनी तो कागद विणायच्या जागेसमोर टाचला. त्याचा फोटो काढावा म्हणून त्यांचा हात माझ्याकडे आला आणि अर्ध्यातून मागे गेला. तो मागे गेलेला हात मला अजून सलतो.

तुमच्याकडेही माझा एखादा भाऊबंद असेल. त्यावर कोणी ओळखीचं नाव सांगून घाई करू लागलं, तर खुशाल ठेवून द्या. खरं माणूस असेल तर रागावणार नाही. आणि मग, तुम्हाला माहीत असलेल्या नंबरवर, तुम्ही स्वतः फोन लावा. काही काम नसलं तरी लावा. मास्तर, तुम्हीसुद्धा. मी शेजारीच बसून आहे.